दोन जावांची गिनी

गिनी हातात आली की मी आधी तिच्याकडे बघत नाही. तळहातावर ठेवून हात जरा वरखाली करतो. वजन बरोबर वाटलं की मग ती दगडावर टाकून नाद ऐकतो, आणि डोळ्याला भिंग लावायची पाळी सगळ्यांत शेवटी येते. वडिलांनी मला याच क्रमाने शिकवलं. ते म्हणत, डोळा सगळ्यात आधी फसतो, त्याला मागे ठेव. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. लोणावळ्याच्या बाजारपेठेत आमच्या जागी आता चिक्की विकतात. तरी नातवाने खेळातलं नाणं हातावर ठेवलं तरी माझा हात आपोआप वरखाली होतो, आणि घरातले हसतात.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिनी म्हणजे इंग्लंडच्या राजाचं किंवा राणीचं तोंड असलेलं सोन्याचं नाणं. इंग्रजीत त्याला सोव्हरिन म्हणतात, पण आमच्याकडे सगळ्यांची ती गिनीच. वजन आठ मासे, वर पावणेदोन गुंजा. पुढे ग्रॅम आले तेव्हा आठ ग्रॅमला किंचित कमी. सोनं बावीस कॅरेट, बाकीचं तांबं, म्हणून रंगाला जरा लालसर. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक वीर आणि घोड्याच्या पायाखाली सरड्यासारखं जनावर. तो साहेबांचा कुणी संत आहे म्हणे. पण आमच्या मावळात घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला देव एकच. त्यामुळे खेड्यातल्या बायका गिनी उलटी करून आधी खंडोबाच्या पाया पडत, आणि मग भाव विचारत.

खोटी गिनी ओळखायला विद्या लागत नाही, सवय लागते. सोन्याइतका जड धातू सहज मिळत नाही, म्हणून खोटं नाणं वजनाला बरोबर केलं की जाडीला फसतं, आणि जाडीला बरोबर केलं की वजनाला. आमच्याकडे एक पितळी पट्टी होती, तिला गिनीच्या मापाची खाच. खरी गिनी त्यातून बरोबर जायची. त्यानंतर कसोटीच्या दगडावर कस आणि त्यावर तेजाबाचा थेंब. एवढ्यात निकाल लागायचा.

अवघड होतं ते निकाल सांगणं. एकदा गिरणीत काम करणारा एक तरुण नव्या नवरीला घेऊन आला. लग्नासाठी घेतलेली म्हणून त्याने मोठ्या हौसेने एक गिनी पुढे केली, गळ्यात घालायला तिला कडी लावून द्या म्हणाला. स्टेशनवर कुणी साधूने त्याला ती ‘अडचणीत’ म्हणून विकली होती. हातात घेतली तेव्हाच मला कळलं की हे पितळ आहे. मी माझ्या बायकोला हाक मारली आणि सांगितलं, “यांना आतली नथ दाखव जरा.” नवरी आत गेल्यावर त्याच्या कानात सांगितलं. पोरगा पांढरा पडला. मग म्हणाला, “तिला सांगू नका. मीच सांगेन, पण आज नको.” मी सांगितलं नाही. कडी लावायला वेळ लागेल म्हणून नाणं ठेवून घेतलं. महिनाभराने तो एकटा आला आणि हसत हसत म्हणाला, “सांगितलं. ती म्हणाली, नथ मात्र छान होती.”

हा किस्सा सांगायचं कारण असं, की खोटं बोलायचं नाही हे आमच्या धंद्यात पहिलं, पण खरं कधी आणि कुणासमोर बोलायचं हे शिकायला मला अर्धं आयुष्य लागलं. त्यातला मोठा भाग मला दोन जावांनी शिकवला.

ठमाबाई थोरली आणि कोंडाबाई धाकटी. दोघी आंदर मावळातल्या धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या महादेव कोळ्यांच्या एका वाडीतल्या. त्यांच्या सासऱ्याची भाताची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली. भरपाईचे जे पैसे हातात पडले त्यातले बरेच घर उभं करण्यात गेले. उरले त्यांची म्हाताऱ्याने लोणावळ्याला येऊन माझ्या वडिलांकडून एक गिनी घेतली. वडील सांगत, तो माणूस दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसला होता. संध्याकाळी उठला आणि म्हणाला, “शेट, शेत पाण्यात बुडालं. आता असं काय तरी द्या, जे बुडत न्हाई.”

म्हातारा गेला तेव्हा त्याने दोन्ही मुलांना सांगून ठेवलं होतं की गिनी मोडायची नाही, वाटायची नाही, घरात राहील. घर एक होतं तोवर प्रश्न आला नाही. पुढे धाकटा मुलगा तापाने गेला. कोंडाबाई पोराला घेऊन तळेगावजवळ परंदवडीला भावाकडे राहायला निघाली. निघताना ठमाबाई दारात उभी राहून म्हणाली, “जानाऱ्याला कोन अडवतंय.” एवढंच. ती रडू लपवायला म्हणाली असेल, पण कोंडाबाईने ते गाठीला बांधलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद झालं, पण गिनी एकच. तेव्हा वाडीतल्या शहाण्यांनी असं ठरवून दिलं की गिनी एक वर्ष थोरलीकडे, एक वर्ष धाकटीकडे, दसरा ते दसरा. आणि बदल करायचा तो पोतदाराच्या, म्हणजे आमच्या दुकानात, म्हणजे नाणं तेच आहे की नाही याला कुणी साक्षीदार राहील. वडील तेव्हा थकले होते, गादीवर मी बसायला लागलो होतो. त्यामुळे हा साक्षीदार मी.

दरवर्षी खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी दोघी यायच्या. ठमाबाई पहाटे वाडीतून चालत निघून कामशेतला गाडी धरायची. उंच, सडपातळ, पायात वहाणा नाहीत. कोंडाबाई तळेगावाहून यायची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हातात पिशवी. एक बाकाच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मधे माणूस मावेल एवढी जागा.

“शेट, तिला म्हनावं, गिनी काडून दे,” धाकटी सांगायची.

“शेट, तिला म्हनावं, देतीया, पळून चालले न्हाई,” थोरली.

मी दोन हातांवर असलेल्या बायकांचे निरोप एकमेकींना पोचवायचो. सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे लक्षात आलं, की त्यात गिनीची चौकशी थोडी आणि बाकीची फार असायची. “तिला इचारा, पोरगं शाळंत जातंय का.” “तिला सांगा, जातंय. आन इचारा, भावजींचं गुडघं कसं हायेत.” “सांगा, हायेत तसंच.” भावजी म्हणजे थोरलीचा नवरा. असा तास जायचा. मग मी गिनी तोलायचो, पट्टीच्या खाचेतून काढायचो, आणि म्हणायचो, “तीच आहे.” गिनी एका पदराच्या गाठीतून दुसऱ्या पदराच्या गाठीत जायची आणि दोघी दोन दिशांना निघायच्या.

ती गिनी मी कुठेही ओळखली असती. राजा तोच नेहमीचा, उघड्या डोक्याचा, दाढीवाला. कडेला एका जागी विळ्याचा बारीक टवका, म्हाताऱ्याने घेतली त्याच वर्षी पडलेला. घोड्याच्या पायांत हळद मुरलेली, कारण दसऱ्याला आणि चंपाषष्ठीला दोन्ही घरी तिला भंडारा लागायचा. आणि आणखी एक खूण, जी त्या दोघींना माहीत नव्हती. घोड्याच्या खाली जमिनीची जी रेघ आहे, तिच्यावर, सालाच्या आकड्यांच्या वर, एक अगदी बारीक इंग्रजी अक्षर होतं. ‘आय’. इंडियाचा आय.

यामागची हकीकत अशी. गिन्या नुसत्या लंडनला पाडल्या जात नसत. ऑस्ट्रेलियात तीन ठिकाणी, कॅनडात, दक्षिण आफ्रिकेत, जिथे साहेबाला सोनं सापडलं तिथे टांकसाळ घातली आणि प्रत्येकीने आपलं अक्षर टाकलं. पहिल्या जागतिक लढाईच्या दिवसांत एकच वर्ष मुंबईलाही गिन्या पाडल्या. सोनं तेच, वजन तेच. सोनाराला या अक्षराचं काही नाही, तो मुशीत घालतो. पण जे लोक नाणी जमवतात त्यांच्यासाठी हे अक्षर म्हणजे सगळं. ते सोन्याच्या भावावर आणखी भाव देतात. मात्र नाण्याला कडी लावलेली नको, भोक नको, घासून चकचकीत केलेलं तर मुळीच नको.

असं नाणी जमवणारं आमच्याकडे एकच गिऱ्हाईक होतं. खंडाळ्याला बंगल्यात राहणारे फिरोजबावा. मुंबईची नोकरी संपवून नवराबायको इथे राहायला आले आणि दोन पावसाळ्यांत बायको गेली. मूलबाळ नव्हतं. मखमलीच्या एका पेटीत त्यांनी प्रत्येक टांकसाळीची एक गिनी ठेवली होती. ती बोटाने धरायची नाही, फक्त कडेने, तीही रुमालात. मुंबईची जागा तेवढी रिकामी. “पोतदार,” ते म्हणायचे, “सगळी दुनिया आली माझ्या घरी, नि जिथे मी जन्मलो ती मुंबईच नाय आली.”

दर वर्षी मुंबई माझ्या दुकानात येऊन जात होती. मी त्यांना एका शब्दाने बोललो नाही. गिऱ्हाइकाच्या पदराला काय बांधलेलं आहे ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगणं आमच्यात बसत नाही.

मग सुवर्ण नियंत्रणाचा कायदा आला. नवे दागिने चौदा कॅरेटचेच करायचे. सोनार म्हणून जन्मलेल्या माणसाला चौदा कॅरेटचं मंगळसूत्र करायला लावणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. आमच्या आळीतल्या कितीजणांनी भट्टी विझवली. एकाने सायकल दुरुस्ती काढली, एक कारखान्यात वॉचमन झाला. मी जुने दागिने जोडून, तार बदलून, लोकांचं सोनं पारखून दिवस काढत होतो. त्या पावसाळ्यात फिरोजबावांचा निरोप आला की जमेल तेव्हा येऊन जा.

गेलो तेव्हा ते व्हरांड्यात उभेच होते. हाताला धरून मला आत नेलं आणि पेटी उघडली. “बघ! बघ तर खरा! मुंबई आली!”

रिकाम्या जागेत गिनी होती. भिंगाची गरज नव्हती. कडेला टवका, घोड्याच्या पायांत हळद.

“कुठून मिळाली?” मी विचारलं.

“तळेगावच्या एका पेढीवर. ट्रेमध्ये असाच पडला होता, मोडीच्या भावाने! कोणी गावची बाई विकून गेली म्हणे. तुझा चेहरा असा काय झाला, पोतदार? खुश नाय झाला?”

“फार चांगली आहे,” मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

ते वर्ष ठमाबाईचं होतं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्ही निरोप पाठवा तिला.” काय पाठवणार? तू गिनी विकलीस हे मला कळलंय, असा? मी नुसता खंडेनवमीची वाट बघत राहिलो. कधी वाटायचं ती येणारच नाही. कधी वाटायचं, येऊन काहीतरी बहाणा करील. कोंडाबाईचा चेहरा डोळ्यांसमोर आला की मला बसवत नसे. तिच्या नवऱ्याच्या हिश्शाचं जगात एवढंच उरलं होतं.

खंडेनवमीला मी दुकान लवकर उघडलं. हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडत होतो, तर ठमाबाई पायरीवर. नेहमी पाण्याचा तांब्या मागायची, त्या दिवशी मागितला नाही. बाकाच्या टोकाला बसली. आणखी वाळली होती. थोड्या वेळाने कोंडाबाई आली, दुसऱ्या टोकाला बसली.

“शेट, तिला म्हनावं, काडा,” कोंडाबाई म्हणाली.

ठमाबाईने पदराची गाठ सोडली आणि गिनी माझ्या हातात दिली.

मी हात वरखाली केला. वजन बरोबर. दगडावर टाकली, नाद खणखणीत. पट्टीतून गेली. मग भिंग लावलं. तोच उघड्या डोक्याचा राजा, तोच घोडा. कडेला टवका नाही. अक्षर आय नाही, एस. सिडनीची. घोड्याच्या पायांत भंडारा होता, पण कोरडा, वरवरचा. आदल्याच दिवशी बोटाने चोळलेला.

गिनी खरी होती. सोनं रतीभर कमी नव्हतं. त्या दोघींना वाचता येत नव्हतं, टवका आहे की नाही याची कोंडाबाईने कधी चौकशी केली नव्हती. मी फक्त “बरोबर आहे” एवढं म्हणालो असतो तर त्या शब्दात खोटंही नव्हतं. पण माझं तिथलं काम सोनं खरं आहे की नाही हे सांगण्याचं नव्हतंच. ती तीच आहे की नाही, हे सांगण्याचं होतं. भिंग डोळ्याला तसंच धरून मी बसलो.

“शेट,” ठमाबाई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोर मांडलेल्या तराजूकडे बघत होती. “शेट, तिला सांगा. ही ती न्हाई.”

मी भिंग खाली ठेवलं. कोंडाबाईला सांगायची गरज नव्हती, तिने ऐकलं होतं. पण ती माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. मी म्हणालो, “ही खरी गिनी आहे, कोंडाबाई. वजनाला, कसाला पूर्ण. पण ती ही नव्हे.”

बाजारात दसऱ्याची झेंडूची फुलं विकणाऱ्यांचा आरडाओरडा चालला होता. कोंडाबाई हळूच म्हणाली, “शेट, तिला इचारा, कुनासाठी मोडली.”

मी ठमाबाईकडे वळलो. “सांगा तिला. तिच्या भावजींसाठी. प्वाट फुगलं. वाडीतनं डोलीत घालून आनलं. पुन्याला मोट्या दवाखान्यात चिरलं.”

“भावजी आजारी व्हते?” कोंडाबाई उठून उभी राहिली. आता ती माझ्याकडे बघत नव्हती. “आन मला सांगावा न्हाई धाडलास? मी काय मेले व्हते? इतकी परकी झाले मी?”

इतक्या वर्षांत माझ्या दुकानात त्या दोघींमधे थेट गेलेलं हे पहिलं वाक्य.

“कुन्या तोंडानं धाडू?” ठमाबाई म्हणाली. “तुजी गिनी इकून बसलेली मी. म्हस इकायला गिऱ्हाईक लागतं, गिनी त्याच दिशी इकली जाती. म्हनून ती इकली. शेट वळकतील म्हनून हितं न्हाई आले, तळेगावात गेले. मागनं म्हस इकली. उनाळाभर हिरडा येचला, सगळ्या डोंगरानं हिंडले. अन् ही घेतली. तुजं तुला पुरं व्हावं म्हनून.”

“भावजी कसं हायेत?”

“हायेत. हिंडत्यात. काटी लागती.”

कोंडाबाई बाकावर मधल्या जागेत येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ठमाबाई तिच्या पाठीवर हात ठेवू की नको अशी बसून राहिली, आणि मग तिने ठेवला. माझी बायको पाणी घेऊन बाहेर आली होती ती दारातच थांबली.

दोघींना आत जेवायला बसवून मी सायकल काढली आणि खंडाळ्याला गेलो. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून फिरोजबावांना सगळं सांगितलं. ऐकून ते आत गेले, कोट घातला, टोपी घातली, पेटीतून मुंबईची गिनी काढली आणि रुमालात गुंडाळली. “सायकल इथेच राहू दे,” म्हणाले आणि मला गाडीत बसवून दुकानात आले.

त्या बाया हात धुऊन येत होत्या. फिरोजबावांनी गिनी दुसऱ्या गिनीच्या शेजारी ठेवली. “बाई, हा तुमचा घोडा. हा घ्या, नि तो मला द्या. सोना सारखाच आहे, काय नुकसान नाय.”

त्यांचं स्वतःचं नुकसान किती होतं ते मला ठाऊक होतं. आणि ते सांगणं भाग होतं. मी दोघींना सांगितलं, की ही जुनी गिनी मुंबईत पाडलेली आहे, जमवणारे लोक तिला जास्त भाव देतात, तळेगावच्या पेढीला ते कळलं नाही. म्हणजे अदलाबदल केली तर यांचं कमी होतं, तुमचं जास्त.

दोघी वाकून दोन्ही गिन्यांकडे बघत राहिल्या. “ही बगा, मामंजींच्या इळ्याची खून,” ठमाबाई म्हणाली. कोंडाबाईने त्या टवक्यावरून बोट फिरवलं. फिरोजबावांनी बोट लावू नका असं म्हटलं नाही.

मग कोंडाबाईने दुसरी गिनी उचलली. डोंगर हिंडून आलेली.

“मला हीच द्या,” ती म्हणाली.

“अगं, ती मामंजींची हाय,” ठमाबाई म्हणाली.

“हाय की. मामंजींनी ती अडल्या येळंसाठी घेतली व्हती. अडलं, कामाला आली, त्यांचाच ल्योक जगला. तिचं काम झालं. ही तुज्या हातची हाय.” तिने गिनी पदराला बांधली. मग फिरोजबावांकडे वळून म्हणाली, “बावाजी, तिला ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. फकस्त दसऱ्याला आन चंपाषष्ठीला घोड्याला भंडारा लावत जा. सवय हाय त्येला.”

फिरोजबावांनी टोपी काढली. मान डोलवून हो म्हटलं. नंतर ते माझ्याकडून कागदाच्या पुडीत भंडारा न्यायचे, वर्षातून दोनदा, जिवंत होते तोवर. ज्या माणसाने गिनीला कधी कुणाला बोट लावू दिलं नाही, तो स्वतःच्या बोटाने तिला हळद लावायचा. त्यांना एकदा मी विचारलं, जमवणारे लोक हसतील ना? ते म्हणाले, “हसू दे. माझ्या मुंबईला तिच्या घरची माणसं आहेत.”

त्या दिवशी दुपारच्या गाडीला मी दोघींना स्टेशनवर पोचवलं. तळेगावला न जाता कोंडाबाई ठमाबाईच्या मागोमाग कामशेतला उतरणार होती. “भावजींना बगून येते,” म्हणाली. भांडण अजून मिटलं नव्हतं. डब्यात चढता चढता ती थोरलीला सुनावत होती, की डोलीवाले लागले तर माझ्या भावाची पोरं काय मेली होती का.

पुढच्या खंडेनवमीला मी सकाळपासून वाट बघत बसलो. तराजू पुसून ठेवला होता, बायकोने लाडू केले होते. दुपार झाली, कुणी आलं नाही. दसरा गेला. मला बरंच वाईट वाटलं आणि मग भीती वाटली. एकीची तब्येत बिघडली की काय, ठमाबाईचा नवरा गेला की काय, की पुन्हा बिनसलं? सरळ निरोप पाठवायला त्या वाडीत जाणारं कुणी माहीत नव्हतं. शेवटी चंपाषष्ठीला दुकान बंद ठेवून मी आणि बायको कामशेतला उतरलो, जमेल तिथवर एका मोटारीतून गेलो आणि पुढे धरणाच्या कडेकडेने चालत निघालो.

वाडी दिसायच्या आधी आवाज ऐकू आला.

“एवढं मीठ घालत्यात व्हय भरतात? त्यांच्या प्वाटाचं काय?”

“त्यांच्या प्वाटाचं मला शिकवू नगंस. तू कवा आलीस हितं?”

“मी गेलेच कवा!”

अंगणात चुलीवर वांगी भाजत होती. कोंडाबाई भाकरी थापत होती, ठमाबाई भरीत कालवत होती, आणि दोघी एकमेकींकडे तोंड करून, कुणालाही मधे न घेता, मनसोक्त भांडत होत्या. आम्हाला बघून गप्प झाल्या, मग लाजल्या, मग दोघी एकदम उठल्या. मागल्या वर्षी भातकापणीला आलेली कोंडाबाई परत गेलीच नव्हती. तिचा पोरगा कारखान्यात लागला होता, तो आठवड्याला येऊन जायचा. गिनी एकाच देव्हाऱ्यात होती, मग ती लोणावळ्याला आणायची कशाला, हे त्यांना सुचलंच नव्हतं. आणि माझ्याही लक्षात आलं, की साक्षीदाराची गरज संपली हे साक्षीदाराला कळवायची पद्धत नसते.

ठमाबाईचा नवरा ओट्यावर काठी टेकून बसला होता. धोंडूआबांना मी पहिल्यांदाच बघत होतो. इतकी वर्षं त्यांच्या गुडघ्यांची चौकशी माझ्या तोंडून झाली होती. मी शेजारी बसलो. पाण्यावर ऊन होतं. आबांनी काठीने पाण्याकडे दाखवलं. “तितं व्हती आमची खाचरं. आमी पोरं तितं खेकडं धरायचो.” मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, “शेट, तुमाला इचारायचं व्हतं. आमच्या बाची गिनी बरी हाय न्हवं? ह्या दोघी लय हाताळत्यात.”

चुलीपाशी दोघींचे हात थांबले. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. पुण्याच्या दवाखान्याचे पैसे कशातून आले हे आबांना त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि आता ते दोघींचं मिळून लपवायचं होतं, हे त्या बघण्यातच मला कळलं.

“बरी आहे, आबा,” मी म्हणालो. “पहिल्यापेक्षा बरी आहे.”

आबा खोकत खोकत हसले. “शेट असून काय बी बोलता. सोनं कदी पहिल्यापरीस बरं व्हतं व्हय?”

“व्हतंय कवाकवा,” कोंडाबाईने परस्पर सांगितलं आणि त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं. “जेवा आता गप.”